पत्र्याचे शेड उभारण्यापूर्वी जमीन तयार करा

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)

सभासद बंधू-भगिनींनो,

उसाचे बिल खात्यावर जमा झाले की आपल्याकडे दोन कामे निघतात. एक घरातले लग्नकार्य, दुसरे बांधकाम. अलीकडे बांधकामात पत्र्याच्या शेडचा नंबर पहिला लागतो. कुणाला गाईंसाठी गोठा पाहिजे, कुणाला ट्रॅक्टर आणि अवजारे पावसात भिजू नयेत म्हणून आडोसा पाहिजे, कुणाला खताच्या गोण्या आणि ठिबकच्या नळ्या ठेवायला जागा पाहिजे. गटात फिरताना सभासद मला विचारतात, "साहेब, पत्रा कोणता घेऊ? किती जाडीचा घेऊ?" पण "साहेब, जमीन कशी तयार करू?" असे अजून एकानेही विचारलेले नाही. म्हणून न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या अंकात देत आहे.

हरिहरेश्वरला काय पाहिले

रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वर आहे. पेशव्यांचे हे कुलदैवत. आपल्या घाटावरच्या पुष्कळ घरांचेही कुलदैवत तेच, त्यामुळे आपल्यापैकी बरेच जण तिकडे जाऊन आलेले असतील. कृष्णा आणि सावित्री या दोघी नद्यांचा उगम महाबळेश्वरला. कृष्णा पूर्वेकडे येऊन आपल्या उसाला पाणी देते. सावित्री पश्चिमेकडे उतरून पोलादपूर, महाडवरून हरिहरेश्वरजवळ समुद्राला मिळते. आपला आणि त्या गावाचा हा असा जुना नात्यातला संबंध.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता, झोत १२० पर्यंत जात होते. श्रीवर्धन तालुक्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब पडले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला लागून वर गेले.

मी दर्शनाला गेलो तेव्हा एका बागायतदाराच्या घरी उतरलो होतो. त्यांचा गोठा निसर्ग वादळात गेला होता आणि त्याच जागी नवीन बांधून झाला होता. जेवणे झाल्यावर ते मला मागच्या वाडीत घेऊन गेले. मी सवयीने वर पत्र्याकडे बघू लागलो, तर ते म्हणाले, "वर काय बघता भाऊ, खाली बघा. वारा वरून येतो, पण नेतो तो खालून."

खाली पाहिले. प्रत्येक खांबाखाली जांभ्याच्या कातळापर्यंत खड्डा नेलेला, त्यात काँक्रीट, त्यावर जमिनीच्या वर वीतभर आलेला काँक्रीटचा चौथरा, आणि त्यावर चार बोल्टांनी घट्ट बसवलेला खांब. जोते सभोवतालच्या वाडीपेक्षा दीड फूट उंच, आणि कडेने दगडी गटार. पत्रा साधाच होता, आपल्याकडे दुकानात मिळतो तोच. त्यांच्या जुन्या गोठ्याचे खांब नुसते मातीत पुरलेले होते. ते सगळे उपटून शेजारच्या वाडीत जाऊन पडले होते.

ते ऐकून मी गप्प झालो. कारण तसलाच प्रकार माझ्या घरी होऊन गेला आहे.

माझी चूक

सन २०१२ मध्ये मी माझ्या गावी ३० फूट लांब आणि २० फूट रुंद शेड घातले. लांबीच्या दोन्ही बाजूंना चार-चार, असे आठ खांब. जमीन काळी. पाऊस तोंडावर आला होता, म्हणून घाई केली. एक फूट लांब, एक फूट रुंद, दोन फूट खोल असे खड्डे घेतले, त्यात खांब उभे करून काँक्रीट ओतले. भराव केलाच नाही. मुरमाचे पैसे वाचले याचे समाधानच वाटले होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात खांबांच्या बाजूने भेगा पडल्या. खांब हाताने हलवला तर किंचित हले. वेल्डिंगवाल्याला बोलावून वर एक आडवी पट्टी मारून घेतली आणि विषय संपवला. मे २०१४ मध्ये संध्याकाळी वळवाचा वारा आला. वडील आत गाय सोडायला गेले होते. मधला खांब काँक्रीटच्या गड्ड्यासकट मुळ्यासारखा वर आला आणि अर्धे छप्पर उलटले. गाय वाचली. वडिलांच्या पिंढरीत पत्रा घुसला, वीस टाके पडले. आज ते काठी घेऊन चालतात.

शेतकीची पदविका घेतलेला माणूस मी. मातीचे प्रकार तोंडपाठ. पण उसाला माती बघतो तशी शेडला बघितली नाही. दोष वाऱ्याचा नव्हता आणि कारागिराचाही नव्हता. जागा मीच दाखवली होती आणि खड्डा दोन फुटांवर मीच थांबवला होता. हे चारचौघांत सांगायला बरे वाटत नाही, पण आपल्यापैकी कुणाच्या घरी तसे होऊ नये म्हणून सांगतो.

वारा छप्पर का उचलतो? थोडे गणित

आपली समजूत अशी की छप्पर जड असते, त्याचा भार जमिनीवर येतो आणि पायाने तो भार पेलायचा असतो. दगड-विटांच्या घराला हे खरे आहे. पत्र्याच्या शेडचे उलटे आहे. ते इतके हलके असते की त्याला खचण्यापेक्षा उडण्याची भीती जास्त. वारा छपरावरून जाताना पत्रा वर ओढतो, आणि शेड एका बाजूने उघडे असेल तर आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो. पावसात छत्री उलटी होते ना, तसेच.

ताशी ११० किलोमीटर वाऱ्याचा जोर दर चौरस मीटरला साधारण ५७ किलो भरतो. तीस बाय वीसच्या शेडमध्ये मधल्या एका खांबाच्या वाट्याला १०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटर छप्पर येते. म्हणजे त्या खांबाला वर ओढणारा जोर सुमारे ५३० किलो. पत्रा आणि लोखंड यांचे वजन चौरस मीटरला १५ किलो धरले, तर १४० किलो वजा जातात. उरतात ३९० किलो. हे ३९० किलो धरून ठेवायचे काम खड्ड्यातल्या काँक्रीटचे आणि त्यावरच्या मातीचे.

माझ्या खड्ड्यात काँक्रीट होते दोन घनफूट. त्याचे वजन जेमतेम १३५ किलो. आपल्याकडे ताशी ११० किलोमीटरचा वारा येत नाही म्हणाल, तर ८० चा धरा. तेव्हाही त्या खांबावर १४० किलोची ओढ येते. भेगांमुळे मातीची पकड आधीच सुटली होती. मग खांब वर येणार नाही तर काय होणार? आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो.

हे ढोबळ गणित समजण्यापुरते आहे. मोठे शेड असेल तर वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक पाहून इंजिनिअरकडून हिशेब करून घ्यावा. आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

१) जागेची निवड

शेताच्या नकाशावर नव्हे, पावसाळ्यात उभे राहून जागा निवडावी. जोराचा पाऊस चालू असताना पाणी कुठून येते आणि कुठे साचते हे एकदा पाहून ठेवावे. पाटाच्या, चारीच्या किंवा विहिरीच्या अगदी काठाला शेड नको. उसाला पाणी सुटले की ओल बाजूने पायाखाली येते. विजेच्या तारांखाली तर मुळीच नको. मोठ्या झाडाच्या सावलीचा मोह होतो, पण फांदी मोडून पत्र्यावर येते आणि मुळे पायात शिरतात.

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे दुपारचे ऊन आत कमी येते. गाईला साधारण ३५ ते ४० आणि म्हशीला ४० ते ४५ चौरस फूट छताखालची जागा धरावी. गव्हाण आणि ये-जा करायची वाट त्याहून वेगळी. वाढ्यांची गाडी आणि शेणाची ट्रॉली वळायला समोर मोकळी जागा सोडावी. ग्रामपंचायतीकडे आधी चौकशी करावी. गोठ्यासाठी शासनाचे अनुदान घ्यायचे असेल तर पंचायत समितीत अगोदर अर्ज करावा. काम झाल्यावर अर्ज म्हणजे वरातीमागून घोडे.

२) मातीची ओळख

ठरवलेल्या जागेत दोन कोपऱ्यांत चार ते पाच फुटांचे खड्डे घेऊन बघावेत. वर काळी माती किती, खाली पिवळसर चुनखडी माती लागते की मुरूम, ओल कुठे सुरू होते, हे लिहून ठेवावे.

काळी माती उसाला सोने, पण पायाला वैरी. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. खांब दरवर्षी थोडा वर, थोडा खाली होत राहतो. खात्री करायची असेल तर दोन काचेचे पेले घ्या. एकात वाळवून कुटलेली काळी माती आणि दुसऱ्यात मुरमाचा चुरा, दोन्ही सारख्या मापाने पाण्यात हळूहळू सोडा. दुसऱ्या दिवशी काळी माती फुगून वर आलेली दिसेल, मुरूम होता तिथेच असेल. जी माती पेल्यात फुगते ती खांबाखालीही फुगते.

३) वरची माती काढणे

शेडच्या मापापेक्षा चारही बाजूंनी तीन फूट जास्त जागा धरावी. तीस बाय वीससाठी ३६ बाय २६ फूट. त्यातली वरची एक फूट माती, गवत, हरळी, लव्हाळा, उसाचे बुडखे सगळे काढावे. मुळे आत राहिली तर कुजून पोकळी होते आणि जमीन खचते. ही माती फेकू नका, ती नऊ-सव्वानऊ ब्रास भरते. शेतात जिथे थर उथळ आहे तिथे नेऊन पसरा. एवढा सुपीक थर तयार व्हायला किती पिढ्या जातात हे शेतकऱ्याला सांगायला नको.

४) आखणी

आखणी नजरेने करू नये. एका कोपऱ्यात दोरीवर एका बाजूला ३ फूट आणि दुसऱ्या बाजूला ४ फूट खुणा कराव्यात. दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट आले की कोपरा काटकोनात आला. नंतर दोन्ही कर्ण मोजावेत. तीस बाय वीसला ते ३६ फुटांपेक्षा जेमतेम पाऊण इंच जास्त येतात. आकड्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. आखणी चुकली तर पत्रे तिरके बसतात, फटी राहतात, आणि वारा फटीतच हात घालतो. पातळी काढायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरेशी आहे.

५) खांबांचे खड्डे

खड्डा भरावावर थांबवू नये. मूळ जमिनीत, आणि शक्य तर मुरमापर्यंत न्यावा. मुरूम चार फुटांवर लागत असेल तर खड्डा ३ बाय ३ फूट रुंद आणि चार फूट खोल घ्यावा. तळाशी चार इंच कोबा. त्यावर लोखंडी जाळीसह एक फूट जाडीचा ३ बाय ३ चा काँक्रीटचा थर. या एका थराचेच वजन ६०० किलोंच्या वर जाते. त्यावर काँक्रीटचा चौथरा उभा करून बाजूने मुरूम दाबून भरावा. मग त्या मुरमाचे वजनही आपल्या कामाला येते. म्हणून खड्डा खाली रुंद पाहिजे. अरुंद आणि सरळ खड्डा म्हणजे बाटलीचे बूच, ओढले की निघाले.

काळी माती सहा-आठ फूट असेल तर भेगा जिथपर्यंत जातात त्याच्या खाली खड्डा न्यावा. फारच खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी विकसित केलेली अंडर-रीम्ड पाइलची पद्धत आहे. त्यात साधारण साडेतीन मीटर खोल भोक पाडून तळाशी फुगीर बुंधा करतात. हे काम माहीतगाराकडूनच करून घ्यावे.

चौथऱ्यात बोल्ट बसवताना लाकडी किंवा पत्र्याचा साचा वापरावा. बोल्ट खाली आकड्यासारखा वाकवलेला आणि काँक्रीटमध्ये दीड फूट तरी गेलेला असावा. चौथरा जोत्याच्या वर सहा इंच ठेवावा. खांबाचे बूड शेण-मुतात राहिले तर लोखंड काही वर्षांतच खाल्ले जाते. काँक्रीटवर गोणपाट टाकून निदान सात दिवस पाणी मारावे आणि तोपर्यंत खांब उभा करू नये. कारागीर घाई करील. त्याला चहा पाजा, पण दिवस कमी करू नका.

६) भराव

एक फूट काढलेली जागा भरून वर दीड फूट जोते, म्हणजे एकूण अडीच फूट भराव. ३६ बाय २६ ला दाबून झालेला भराव २,३४० घनफूट होतो. सुटा मुरूम दाबला की बसतो, म्हणून २८ ते २९ ब्रास मुरूम लागेल असा अंदाज धरावा. आकडा मोठा वाटतो, पण खर्चाचे पहिले पान हेच आहे. पत्र्याचे भाव विचारण्याआधी हा हिशेब करा. मुरूम आणताना गौण खनिजाची परवानगी तहसील कार्यालयातून घ्यावी.

मुरूम एकदम ओतून ट्रॅक्टर फिरवला म्हणजे भराव झाला, असे नव्हे. वर घट्ट आणि खाली पोकळ, असे त्याचे होते. सहा ते आठ इंचांचा एक थर पसरावा, पाणी शिंपडावे, रोलरने किंवा धुम्मसाने ठोकावे, मगच दुसरा थर. ओल किती हवी? मूठभर मुरूम दाबला तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निघू नये. चौथऱ्यांभोवती रोलर पोचत नाही, तिथे हाताने धुम्मस करावी. शेवटी पहार मारून बघावी. सहज आत गेली तर तो थर पुन्हा ठोकावा.

काळी माती भरावात वापरू नये. घरचीच आहे, फुकट आहे, म्हणून मोह होतो. पाचट, भुसा, जुन्या भिंतीची माती हेही नको.

७) उतार आणि पाणी

गोठ्यात गाई उभ्या राहतात तिथे दर पाच फुटांना दीड इंच उतार द्यावा. त्याहून जास्त दिला तर जनावर घसरते, कमी दिला तर मूत्र साचते, खुरे सडतात आणि दगडीचा आजार मागे लागतो. अवजारांच्या किंवा खताच्या शेडला नाममात्र उतार पुरतो.

छपरावरचे पाणी विसरू नका. तीस बाय वीसच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे १,४०० लिटर पाणी पागोळ्यांनी खाली येते. ते पायाशीच मुरले तर केलेली मेहनत वाया गेली. पागोळी जिथे पडते तिथे गटार काढावे आणि पाणी शेडपासून दूर न्यावे. गोठ्यातले मूत्र वेगळ्या नालीने खड्ड्यात घ्यावे, पाचटाच्या कंपोस्टवर टाकायला ते उत्तम.

हरिहरेश्वरच्या त्या बागायतदारांनी मला गटारच आधी दाखवले होते. त्यांच्याकडे पावसाचे चार महिने पाणी थांबत नाही, जांभ्यात मुरते आणि कातळ लागला की आडवे पळते. देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर समुद्राच्या खाऱ्या पाण्याने खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोके पडलेली आपण पाहिली असतील. पाणी खडकाला सोडत नाही, ते आपल्या मुरमाला काय सोडणार?

कामाचे वेळापत्रक

पावसाळ्यात जागा पाहून ठेवावी. ऊस तुटून गेला की खड्डे घेऊन माती तपासावी. माती काढणे, आखणी, खड्डे आणि काँक्रीट फेब्रुवारीअखेर उरकावे. मार्चमध्ये भराव. एप्रिलमध्ये खांब आणि पत्रे. वळवाच्या आधी सगळे बोल्ट आवळलेले असावेत. आतली पक्की फरशी मात्र पहिल्याच वर्षी करू नये. एक पावसाळा भरावाला बसू द्यावा, कुठे खचले ते दिवाळीला दिसेल, तिथे मुरूम टाकून मगच कोबा करावा.

ज्यांचे शेड आधीच उभे आहे त्यांनी उन्हाळ्यात एकदा प्रत्येक खांब हाताने हलवून पाहावा. हलत असेल, बाजूला भेग असेल, तर वर पट्टी मारून भागणार नाही. खांबाला टेकू देऊन एका वेळी एकच पाया उकरावा आणि नव्याने रुंद करून घ्यावा. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये. मी ढकलले होते.

आपण उसाची लागण करताना नांगरट, कुळवट, सरी यांवर महिना घालवतो, कारण बेणे कितीही चांगले असले तरी रान तयार नसेल तर फुटवा येत नाही हे आपल्याला माहीत आहे. शेडचेही तसेच आहे. पत्रा म्हणजे बेणे, जमीन म्हणजे रान.

माझे नवीन शेड २०१५ मध्ये त्याच जागी उभे राहिले. या वेळी खड्डे मुरमापर्यंत नेले. वडील काठी टेकत रोज खड्ड्यापाशी येऊन बसत आणि खोली स्वतः मोजून घेत. त्यानंतर वळीव कितीतरी आले, खांब हललेला नाही. तरीही वारा सुटला की वडील आधी गाय बाहेर काढतात आणि आम्ही त्यांना थांबवत नाही.

कुणा सभासदाला जागा पाहायला बोलवायचे असेल, तर आपल्या गटाच्या शेतकी ऑफिसात निरोप ठेवावा. उसाच्या पाहणीला येईन तेव्हा पहार सोबत आणीन.

आपला,
ऊस विकास अधिकारी